ओलीचा इतिहास आणि सावलींतील घरें

घरांचा इतिहास सांगणारे बहुधा दरवाजापाशीं थांबतात. तुळईवरील नक्षी, ओटीचे खांब, अंगणांतील तुळशीवृंदावन यांचें वर्णन होतें. पण जोत्याच्या वर हात-दोन हात उंचीवर जी एक पिवळसर, वेडीवांकडी रेघ भिंतीच्या कडेनें धांवत असते, तिचा इतिहास कोणी सांगत नाहीं. वस्तुतः ती रेघ म्हणजे घराची जन्मपत्रिकाच होय. जमिनींतलें पाणी भिंतींत कोठपर्यंत चढलें आणि त्याला बाहेर पडावयास वाट मिळाली कीं नाहीं, हें तिच्यावरून वाचतां येतें. पालघर जिल्ह्यांतील बोईसर-तारापूरच्या परिसरांत असलेलें सालवड हें गांव या वाचनाला सोयीचें आहे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत या भागांत साधारणपणें दोन हजार मिलिमीटर, म्हणजे ऐंशी इंच वा त्याहून अधिक पाऊस पडतो. दसऱ्याच्या सुमारास उघड्यावरचीं घरें वाळूं लागतात. परंतु जीं जुनीं घरें दाट झाडांच्या किंवा उंच शेजाराच्या सावलींत सांपडलेलीं असतात, त्यांच्या कोनाड्यांतून कुबट वास सुटतच राहतो, पेटींतले कपडे सादळतात आणि पलंगामागच्या भिंतीवर काळी-हिरवी बुरशी धरते. अशा वेळीं घरांतील वडील माणसें म्हणतात, "घर म्हातारें झालें;" आणि तरुण माणसें म्हणतात, "पाडून टाकूं या." या दोन्ही निर्णयांत घाई आहे, हें ओलीचा इतिहास पाहिला असतां ध्यानांत येतें.

प्रथम ओल चढते कशी, हें पाहिलें पाहिजे. भिंत डोळ्यांना घन दिसते. पण वीट, चुना, माती आणि कांहीं जातींचे दगड यांच्या अंगांत केसाहून बारीक अशा अगणित नळ्या असतात. समईच्या वातींतून तेल ज्या नियमानें वर चढतें, त्याच नियमानें या नळ्यांतून जमिनींतील पाणी वर चढतें. नळी जितकी बारीक तितकें पाणी अधिक उंच जातें, हा नियम इंग्रज शास्त्रज्ञ जेम्स ज्युरिन यानें १७१८ सालीं मांडला. मग भिंत आढ्यापर्यंत कां भिजत नाहीं? कारण उघड आहे. पाणी जसें पायांतून वर चढतें, तसेंच भिंतीच्या अंगावरून वाफ होऊन उडूनहि जातें. चढणारें पाणी आणि उडणारें पाणी यांचा जमाखर्च जेथें जुळतो, तेथें ती पिवळी रेघ उमटते. आणि बहुतेक घरांत ती जमिनीपासून तीन-चार फुटांच्या आंतच राहते. पाणी उडून जातें, परंतु त्यानें मातींतून विरघळवून आणलेले क्षार मागें राहतात. ते भिंतीच्या पृष्ठभागाशीं स्फटिकरूप धारण करतांना फुगतात आणि गिलाव्याचे पोपडे पाडतात. यालाच आपल्याकडे लोणा लागणें असें म्हणतात. शिवाय मीठ हवेंतली वाफ ओढून घेतें. म्हणून समुद्राची किंवा खाडीची वाळू न धुतां बांधकामांत वापरली असेल, तर जमिनींतील पाणी बंद केल्यावरहि पावसाळी हवेंत भिंत घामेजल्यासारखी होते.

हा जमाखर्च ध्यानांत ठेवला म्हणजे पुढील सर्व इतिहास सुगम होतो. जमेची बाजू वाढली, म्हणजे पायाशीं पाणी सांचूं लागलें, तर रेघ वर सरकते. खर्चाची बाजू आटली, म्हणजे भिंतीवर ऊन-वारा येईनासा झाला किंवा तिच्या अंगावर पाणी न सोडणारें कवच चढलें, तरीहि रेघ वर सरकते. ओलीचे सर्व उपाय, प्राचीन असोत वा अर्वाचीन, या दोन बाजूंपैकीं एकीला हात घालणारे आहेत.

उत्तर कोंकणांतील जुन्या घरबांधणीनें हें गणित पुस्तकाशिवाय सोडविलें होतें. डोंगराकडील आदिवासींच्या वस्त्यांत कारवीच्या काठ्यांचा कूड उभारून तो शेणमातीनें लिंपीत. अशा भिंतीला ओल लागली तरी ती दोन्ही अंगांनीं सुकत असे, आणि खालचा भाग कुजला तर तेवढ्याच काठ्या बदलून पुन्हां लिंपण करतां येत असे. भिंत अमर असावी असा त्या घराचा आग्रहच नव्हता; ती दुरुस्त करतां यावी, एवढीच अपेक्षा होती. किनाऱ्याकडील गांवांत मातीच्या, विटांच्या आणि दगडांच्या भिंती आल्या, तेव्हां त्यांच्याबरोबर तीन गोष्टी आल्या. पहिली, अंगणापासून चांगलें उंच असें दगडी जोतें. दुसरी, भिंतीच्या पुष्कळ बाहेर आलेली वळचण आणि तिच्याखालीं पडवी. यामुळें पागोळ्या भिंतीपासून दूर पडत आणि पावसाची झड भिंतीला झोडपीत नसे. त्यांतूनहि जी बाजू वाऱ्याच्या तोंडीं असे, तिला पावसाळ्याआधीं झांवळ्यांचे झांप बांधीत. तिसरी गोष्ट म्हणजे सारवलेली जमीन आणि चुन्याचा हात. या दोहोंतूनहि पाण्याची वाफ बाहेर पडूं शकत असे. नळीच्या कौलांच्या फटींतून वारा वाहत असे आणि चुलीच्या धगीनें घर आंतून सुकत असे. १८६५ मध्यें बासेल मिशननें मंगळूर येथें कौलांचा कारखाना काढला, आणि पुढें तीं चपटीं मंगळुरी कौलें कोंकणभर पसरलीं. पण वळचण तशीच राहिली, म्हणून भिंतीहि टिकल्या.

चुन्याचें महत्त्व येथें थोडें सविस्तर सांगितलें पाहिजे. चुनखडी किंवा शिंपले भट्टींत सुमारें नऊशें अंश सेंटिग्रेडपर्यंत भाजले म्हणजे त्यांतील कर्बाम्लवायु निघून जातो व कळीचा चुना उरतो. तो पाण्यांत विझवून वाळूबरोबर बैलाच्या घाणींत मळला आणि भिंतीला लावला, म्हणजे हवेंतील तोच वायु पुन्हां शोषून घेऊन तो हळूहळू दगड बनतो. हा दगड मात्र सच्छिद्र असतो. तो ओल घेतो आणि ऊन पडतांच सोडतो. शिवाय ताजा चुना इतका तीव्र असतो कीं, त्यावर बुरशी जगूं शकत नाहीं. दर वर्षीं दिवाळीपूर्वीं घरांना चुन्याचा हात देण्याची जी चाल होती, तिच्यांत शोभेइतकाच आरोग्याचा भाग होता. भाजलेल्या विटांची पूड, म्हणजे सुरखी, चुन्यांत मिसळली तर तो ओल्या जागींहि घट्ट धरतो, हेंहि गवंड्यांना ठाऊक होतें. उत्तर कोंकणचा किनारा चुन्याच्या या सामर्थ्याची साक्ष आजहि देतो. १७३९ च्या जानेवारींत चिमाजी अप्पांच्या सैन्यानें तारापूरचा कोट घेतला व त्या लढाईंत बाजी भीवराव पडले. त्याच वर्षीं मे महिन्यांत वसई पडली. त्या धामधुमीला पावणेतीनशें वर्षांहून अधिक काळ लोटला. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यांत वसईच्या तटांचा चुना पुष्कळ ठिकाणीं अजून दगडाला धरून आहे.

ही विद्या केवळ याच किनाऱ्याची होती असें मात्र समजूं नये. इसवी सनापूर्वीं पहिल्या शतकांत रोमन स्थापत्यकार व्हिट्रुव्हियस यानें दहा भागांचा एक ग्रंथ लिहिला. त्याच्या सातव्या भागांत ओल्या जागींच्या गिलाव्याविषयीं एक स्वतंत्र प्रकरण आहे. जमिनीपासून तीन फूट उंचीपर्यंत वाळूचा गिलावा न लावतां कुटलेल्या कौलांचा, म्हणजे आपल्या सुरखीचा, गिलावा लावावा, असें तो सांगतो. तेवढ्यानें भागलें नाहीं, तर मूळ भिंतीपासून थोडें अंतर सोडून आंतून दुसरी पातळ भिंत घालावी, दोहोंच्या मध्यें जमिनीच्या पातळीखालीं पन्हळ ठेवावी आणि हवेसाठीं खालीं-वर झरोके सोडावे. ज्या भिंतीची ओल निघत नाहीं, तिला कोंडूं नये, तिला श्वास घेऊं द्यावा, हाच त्याचा इत्यर्थ. रोम आणि कोंकण यांनीं एकमेकांस न विचारतां एकच उत्तर काढलें होतें.

सावलीचा प्रश्न मात्र खेड्यापेक्षां शहरानें आधीं आणि फार कटु रीतीनें शिकविला. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं ग्रंथिज्वराचा, म्हणजे प्लेगचा, पहिला रोगी ओळखला. त्या काळीं रोगाचें खरें वाहन कोणास ठाऊक नव्हतें. अंधाऱ्या, कोंदट आणि ओलसर घरांतच तो घर करून राहतो, असा अधिकाऱ्यांचा ग्रह होता. म्हणून घरें औषधी पाण्यानें धुऊन काढण्यांत आलीं, भिंतींना चुना फासण्यांत आला, आणि आंत ऊन पडावें म्हणून कांहीं घरांचीं कौलेंहि उतरविण्यांत आलीं. ज्या घरांवर "यू. एच. एच." हीं तीन अक्षरें रंगविलीं जात, तीं मनुष्यवस्तीस अयोग्य ठरत. १८९८ मध्यें मुंबई सुधारणा मंडळ, म्हणजे इंप्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झालें आणि त्यानें दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढण्यास आरंभ केला. त्याच वर्षीं पॉल लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानें कराचींत प्रयोग करून प्लेग उंदरांवरील पिसवांमुळें पसरतो असें दाखविलें. परंतु तें म्हणणें सर्वमान्य व्हावयास पुढें आठ-दहा वर्षें लागलीं. दरम्यान ज्यांचीं घरें पडलीं त्या गरिबांना शेजारच्या तितक्याच कोंदट खोल्यांत अधिक दाटीनें राहावें लागलें. ओलीवरचा राग घरावर काढला, आणि त्याचा भार भाडेकऱ्यांवर पडला.

या घटनेंतून दोन धडे मिळतात आणि दोन्ही सालवडसारख्या गांवाला उपयोगी आहेत. प्लेगच्या बाबतींत कारण चुकलें होतें. तथापि चुना, ऊन व वारा हे उपाय ओलीच्या आणि बुरशीच्या बाबतींत अगदीं बरोबर होते. दुसरा धडा असा कीं, घर पाडणें हा ओलीवरील शेवटचा उपाय असावा, पहिला नव्हे. सुधारणा मंडळाचे पुढील काळांतील अध्यक्ष जे. पी. ऑर यांनीं हा विचार पुढें नेला. घरांतील प्रकाश व हवा या विषयावर त्यांनीं १९१२ मध्यें व्याख्यान दिलें. त्यांच्या प्रसिद्ध साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा अर्थ सोपा आहे. खोलीच्या भिंतीच्या पायापासून समोर पाहिलें असतां आकाश दिसूं लागण्याची रेघ क्षितिजापासून साडेत्रेसष्ट अंशांहून अधिक कलती नसावी. म्हणजेच समोरची इमारत जितकी उंच, तिच्या निदान निम्म्या रुंदीची मोकळी जागा मध्यें असावी. चाळीस फूट उंचीच्या इमारतीसमोर वीस फूट आकाश, एवढाच तो हिशेब. याहून कमी जागा राहिली तर तळमजल्याची भिंत दिवसाच्या उजेडाला पारखी होते, आणि तिचा सुकण्याचा हक्कहि जातो.

एकीकडे प्रकाशाचा विचार होत असतां दुसरीकडे भिंतीची सामग्रीच पालटत होती. १८२४ मध्यें लीड्स येथील जोसेफ ॲस्पडिन यानें पोर्टलंड सिमेंटचा हक्क नोंदविला. त्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडांत आणखी एक रीत रूढ झाली. १८७७ च्या तेथील नमुना-नियमांनीं नव्या घरांच्या जोत्यावर पाटीचा दगड, डांबर किंवा तत्सम पदार्थाचा एक आडवा थर सक्तीचा केला. पायांतून चढणारें पाणी या थरापाशीं अडतें; म्हणून वरची भिंत कोरडी राहते. हिंदुस्थानांत १९१४ मध्यें पोरबंदर येथें सिमेंटचें उत्पादन सुरू झालें, आणि १९३६ मध्यें अनेक कंपन्या एकत्र येऊन असोसिएटेड सिमेंट कंपनी निर्माण झाली. सिमेंट बळकट, लवकर धरणारें, साठवावयास सोपें. त्यापुढें चुन्याची घाणी मागें पडली यांत नवल नाहीं. नव्या घराला, ज्याच्या जोत्यावर ओल अडविणारा थर आहे, सिमेंटचा गिलावा शोभतो व टिकतो. गोंधळ झाला तो जुन्या घरांत. ज्या भिंतीच्या पायाशीं असा थर नाहीं, तिच्या अंगावर बाहेरून सिमेंटचा गिलावा, आंतून तेलरंग आणि जमिनीवर लादी बसविली, म्हणजे पाण्याच्या खर्चाच्या तिन्ही वाटा एकदम बुजतात. जमा मात्र चालूच राहते. परिणामीं जी रेघ पूर्वीं गुडघ्याशीं होती ती कमरेशीं आणि कमरेची खांद्याशीं जाते. मालकाला वाटतें, सिमेंट कमी पडलें. म्हणून तो आणखी एक थर चढवितो. रोग आणि औषध यांची अशी शर्यत लागते, आणि तींत भिंत हरते.

सालवडच्या परिसरांत हा पालट फार वेगानें झाला. १ ऑगस्ट १९६२ रोजीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें. १९६९ मध्यें तारापूर येथील अणुविद्युत् केंद्र सुरू झालें. आणि त्यानंतरच्या दशकांत बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत वाढत गेली. १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाणें जिल्ह्यांतून पालघर हा स्वतंत्र जिल्हा निघाला. जेथें पूर्वीं भाताचीं शेतें आणि वाड्या होत्या, तेथें कारखाने, कामगारांच्या चाळी आणि अनेक मजली इमारती आल्या. अशा वाढत्या गांवांत जुन्या घराच्या भोंवतीं ज्या तीन गोष्टी घडतात त्या सर्वत्र सारख्या आहेत. रस्त्यावर दर कांहीं वर्षांनीं खडी-डांबराचा नवा थर पडतो, आणि एके काळीं दीड-दोन फूट उंच असलेलें जोतें रस्त्याच्या पातळीला येतें. मग पावसाचें पाणी अंगणांतून रस्त्याकडे जाण्याऐवजीं रस्त्यावरून अंगणांत येतें. सखल शेतांत भराव पडला म्हणजे पाण्याच्या जुन्या वाटा तुटतात आणि जमिनींतील ओल पावसाळा संपल्यावरहि कित्येक आठवडे टिकते. आणि शेजारीं इमारत उठली, किंवा परसांतले आंबे-फणस छपरावर ओणवले, म्हणजे ऊन जातें. जमा वाढली, खर्च आटला. घर म्हातारें झालें नसून त्याच्या भोंवतालची जमीन उंच झाली, हें सत्य अशा वेळीं कोणाच्या लक्षांत येत नाहीं.

म्हणून उपायांचा क्रम हाच येथें मुख्य विषय होय. सर्वांत आधीं ओलीची जात ओळखावी. जमिनींतून चढणारी ओल खालून सुरू होते, तिची वरची रेघ सलग असते आणि तेथें लोणा दिसतो. छपरांतून किंवा भेगेंतून शिरलेलें पाणी डागासारखें, कोठेंहि, पावसाबरोबर दिसतें व पावसाबरोबर ओसरतें. तिसरी जात म्हणजे घरांतल्याच वाफेची. स्वयंपाक, स्नान, आंत वाळत घातलेले कपडे यांची वाफ थंड भिंतीवर जमते. ती कोपऱ्यांत आणि कपाटामागें बुरशीच्या रूपानें प्रगट होते, लोणा मात्र तेथें नसतो. संशय असल्यास भिंतीवर वीतभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी कडांनीं चिकटवून दोन दिवस ठेवावा. बाहेरच्या अंगावर दंव दिसलें तर ओल हवेची. भिंतीकडील अंगाला दिसलें तर ओल भिंतीची. या साध्या परीक्षेनें अनेकांचा व्यर्थ खर्च वांचेल.

यानंतर पाणी. छपराच्या कडेला पन्हळ लावून तिचें पाणी भिंतीपासून दूर सोडावें. अंगणाचा उतार घराकडून बाहेर असावा. जोत्यालगत सांचलेली माती, मोडका चौथरा किंवा सिमेंटचा कट्टा काढून जोतें पुन्हां उघडें करावें. रस्ता उंच झाला असल्यास घराच्या कडेनें खडीनें भरलेला चर काढून त्याचें पाणी गटारांत न्यावें; मात्र तो चर पायाच्या तळाखालीं जाऊं देऊं नये, नाहीं तर ओल जाईल आणि भिंतहि खचेल. मोरीची फुटकी नळी आणि भिंतीलगतचा शोषखड्डा हीं दोन कारणें पुष्कळदां नजरेआड राहतात. भर उन्हाळ्यांत टिकून राहणारी ओल बहुधा त्यांचीच असते.

मग ऊन आणि वारा. झाड तोडण्याची गरज क्वचितच पडते. भिंतीवर ओणवलेल्या खालच्या फांद्या हिवाळ्याच्या आरंभीं छाटल्या, तर सकाळचें दोन-तीन तासांचें ऊन मिळतें, आणि तेवढेंहि पुष्कळ असतें. समोरासमोरच्या खिडक्या कोरड्या दिवसांत उघड्या ठेवाव्या. पावसाच्या दमट दिवसांत मात्र बाहेरची हवाच ओली असल्यामुळें त्यांचा फारसा लाभ होत नाहीं. पेट्या, कपाटें व पलंग भिंतीपासून चार बोटें दूर ठेवावे. जेथें शेजारच्या इमारतीमुळें ऊन येणेंच अशक्य झालें आहे, तेथें पंखा व वाफ बाहेर टाकणारें यंत्र यांना उन्हाचें काम करावें लागेल.

भिंतीच्या अंगाला हात घालावयाचा तो त्यानंतर. रेघेच्या वर हातभरापर्यंत सिमेंटचा गिलावा व तेलरंग जपून काढावा, वर आलेले क्षार कोरड्या कुंच्यानें झाडून गोळा करावे आणि भिंत उघडी ठेवावी. ते क्षार पाण्यानें धुऊं नयेत. धुतल्यास ते पुन्हां भिंतींत शिरतात. येथें धीर लागतो. अनुभवी लोकांचा आडाखा असा कीं, भिंतीच्या दर इंच जाडीला सुकण्यास सुमारें एक महिना द्यावा. म्हणजे अठरा इंच जाडीच्या भिंतीला पाणी तोडल्यावरहि दीड वर्ष लागेल. त्यानंतर एक भाग चुना व तीन भाग धुतलेली नदीची वाळू, आणि खालच्या भागांत थोडी सुरखी, असा गिलावा पातळ थरांत लावावा. प्रत्येक थर कांहीं दिवस भिजवून सावकाश धरूं द्यावा. शेवटीं चुन्याचे तीन-चार पातळ हात द्यावे. कळीचा चुना विझतांना उसळतो व डोळ्यांत गेल्यास दृष्टीला धोका पोहोंचतो. म्हणून डोळे व हात झांकूनच हें काम करावें. भिंतीला भोकें पाडून ओल अडविणारें द्रव्य भरण्याची रीत अलीकडे प्रचारांत आहे. सलग विटांच्या भिंतींत ती कधीं कधीं उपयोगी पडते. परंतु ज्या जुन्या दगडी भिंतीच्या पोटांत मातीमुरूम भरला आहे, तिच्यांत तें द्रव्य सारखें पसरत नाहीं. पाणी, ऊन व गिलावा या तिन्ही गोष्टी केल्यावरहि ओल राहिली, तरच त्या खर्चाचा विचार करावा.

बुरशीचा प्रश्न आरोग्याचा असल्यानें त्याला विलंब चालत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २००९ मध्यें घरांतील ओल व बुरशी यांविषयीं मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं. ओलसर घरांत राहणाऱ्यांना खोकला, दमा आणि श्वसनाचे इतर विकार अधिक होतात, असा त्यांचा निष्कर्ष आहे. इंग्लंडांत रॉचडेल येथें २०२० मध्यें दोन वर्षांच्या एका बालकाचा मृत्यु झाला. घरांतील बुरशीच्या दीर्घ संसर्गामुळें झालेला श्वसनविकार हें त्याचें कारण असल्याचें चौकशी-अधिकाऱ्यानें २०२२ मध्यें नमूद केलें, आणि पुढच्याच वर्षीं भाड्याच्या सामाजिक घरांतील अशा दोषांविषयीं तेथें कायदा झाला. ज्या देशांत दीडशें वर्षांपूर्वीं ओल अडविणारा थर सक्तीचा झाला, तेथेंहि हें घडलें. कायदा नव्या भिंतीला लागू होतो. जुन्या भिंतीला कोणी तरी प्रत्यक्ष पाहावें लागतें. ऐकणाऱ्यांपैकीं ज्यांच्या घरीं दमेकरी, वृद्ध किंवा तान्हें मूल आहे, त्यांनीं त्याचें अंथरूण ओल्या भिंतीपासून आजच हालवावें. बुरशी कोरडी झाडूं नये, कारण तिचे बीजकण हवेंत उडतात. नाक-तोंड झांकून साबणाच्या पाण्यानें ओल्या फडक्यानें पुसावी, जागा पूर्ण सुकवावी व मग चुना द्यावा. धुण्याचें क्लोरीनचें पाणी वापरलेंच तर त्यांत आम्ल किंवा दुसरें कोणतेंहि औषध मिसळूं नये. त्यांतून विषारी वायु निघतो. नुसती पुसलेली बुरशी मात्र परत येते, कारण तिचें मूळ भिंतींतल्या पाण्यांत असतें.

खर्चाचा विचार करतां या क्रमांतील पहिले उपाय सर्वांत स्वस्त आहेत, हें विशेष होय. उतार बदलणें, जोतें उघडें करणें, फांदी छाटणें, कपाट सरकविणें यांना कुदळ, कोयता आणि दोन माणसांची मेहनत पुरते. भाडेकऱ्याला यांतील निम्मे उपाय मालकाला न विचारतां करतां येतात. उरलेले निम्मे मालकानें केले तर त्याचीच भिंत वांचते. जें एकट्या घराच्या हातचें नाहीं तें रस्त्याचें व गटाराचें काम होय. रस्त्यावर नवा थर घालण्यापूर्वीं जुना खरवडून काढावा, गटाराची पातळी जोत्यांच्या खालीं ठेवावी, आणि नवी इमारत मंजूर करतांना शेजारच्या जुन्या घराचें आकाश मोजावें, या गोष्टी ग्रामपंचायतीनें व नियोजन अधिकाऱ्यांनीं पाहावयाच्या आहेत. ऑर यांचा नियम मुंबईच्या गल्ल्यांसाठीं होता. पण ज्या गांवाच्या आळ्या आतां गल्ल्या होऊं लागल्या आहेत, त्यांना तो अधिकच लागू पडतो. मुंबईनें तो घरें पडल्यावर शिकला. सालवडला तो घरें उभीं असतांना शिकतां येईल.

जुनें घर जतन करावें कीं पाडावें, याचा निर्णय शेवटीं त्यांत राहणाऱ्यांनींच घ्यावयाचा आहे. ज्याची तुळई वाळवीनें पोखरली आहे, ज्याचा पाया खचला आहे, तें घर भावनेपायीं उभें ठेवण्यांत शहाणपण नाहीं. परंतु ज्याच्या भिंती सरळ आहेत आणि ज्याचा दोष फक्त ओल आहे, त्याला मृत्युदंड देण्यापूर्वीं त्याचें जोतें एकदां खणून पाहावें, पागोळी कोठें पडते तें पाहावें, आणि दुपारीं बारा वाजतां त्याच्या भिंतीवर ऊन येतें कीं नाहीं तें पाहावें. पाणी जेथून येतें तेथें अडविलें आणि जेथून जावयाचें तेथें वाट दिली, तर दोन-तीन पावसाळ्यांत ती पिवळी रेघ आपोआप खालीं उतरते.